प्रलंबित प्रकरणे: निरंक

निवृत्त होऊन मला वर्ष होत आलं होतं आणि ऑफिसात माझं काम पूर्वीपेक्षा चांगलं चाललं होतं.

हे मला पहिल्यांदा कळलं ते जुन्या जालन्यात, भर रस्त्यात. ज्वारी घेऊन पिशवी सांभाळत येत होतो. एका गृहस्थानं लूना थांबवली, खाली उतरला आणि माझा हात हातात घेतला. "अंबडकर साहेब, मानलं बुवा तुमाला. अर्ज टाकला अन् चौथ्या दिवशी तुमचं पत्र हातात. मागं तर सहा-सहा महिने लागायचे. तब्येत सुधारली वाटतं."

मी नम्रपणे हसलो. स्तुती नाकारण्याची सवय नव्हती, कारण चौतीस वर्षांत तसा प्रसंगच आला नव्हता. पण घरी येईपर्यंत पिशवी जड वाटायला लागली. पत्र मी लिहिलं नव्हतं. गेल्या वर्षभरात मी वाण्याच्या यादीपलीकडे काहीही लिहिलेलं नव्हतं.

इथं थोडं मागं जावं लागेल. ऑफिसचं नाव मी सांगत नाही. ते जालन्यात आहे एवढं पुरे. २००१ साली आमच्याकडे 'एकोपा' आला. ही संगणकातली व्यवस्था. कंपनीचा टायवाला तरुण औरंगाबादहून आला आणि म्हणाला, यापुढे फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरणार नाही. सगळे कागद एका ठिकाणी राहतील, सगळे मिळून त्यावर काम करतील, आणि कोणी कधी काय केलं याची नोंद आपोआप राहील. शेवटचं वाक्य ऐकल्यावर हॉलमध्ये जी शांतता पसरली, तशी मी फक्त शोकसभेत पाहिली आहे.

एकोपात अकरा जणांची नावं घातली होती. वर्षभरानं आमचे वरिष्ठ अण्णासाहेब निवृत्त झाले आणि प्रश्न उभा राहिला, आता त्यांच्या नावाचं काय? नवीन नाव घालायचं तर प्रस्ताव औरंगाबादला, तिथून मुंबईला. तेव्हा मी एक टिपणी लिहिली. निवृत्त होणारा माणूस खुर्ची, कपाट आणि किल्ल्या यांचा चार्ज देतो, तसाच त्यानं पासवर्डचाही चार्ज द्यावा. म्हणजे नाव तेच राहील, माणूस बदलेल. साहेबांनी त्यावर 'उत्तम' असा शेरा मारला. माझ्या टिपणीवर आलेला तो एकमेव उत्तम. मी त्याची झेरॉक्स काढून ठेवली होती.

त्याच नियमानं ३० जून २००४ रोजी मी माझा चार्ज दुसऱ्या दिवशी माझ्या जागी येणाऱ्या मच्छिंद्रसाठी लिहून ठेवला. यादी अशी होती: खुर्ची एक, कपाट एक, किल्ल्या तीन, पासवर्ड एक, प्रलंबित प्रकरणे निरंक. निरंक म्हणजे शून्य. ज्याच्या टेबलावर निरंक, तो माणूस ताठ मानेनं नारळ आणि शाल घेतो. मीही घेतली.

तर मच्छिंद्र माझ्या नावानं काम करत होता आणि दुर्दैवानं चांगलं करत होता.

"मग बिघडलं कुठं?" उमा म्हणाली. ही माझी पत्नी. "लोक तुम्हाला चांगलं म्हणतायत. एवढी वर्षं नाही म्हटलं."

"प्रश्न तत्त्वाचा आहे," मी म्हणालो. आमच्या घरात या वाक्यानंतर चहा मिळत नाही.

मी एक साधा अर्ज केला: मी निवृत्त आहे, माझं नाव एकोपातून काढावं. काम पाच मिनिटांचं होतं. आठ दिवसांनी उत्तर आलं. 'अर्जदार अभिलेखानुसार कार्यरत असून काल सायंकाळपर्यंत त्यांनी तेरा प्रकरणे निकाली काढली आहेत. सबब निवृत्तीची बाब उपस्थित होत नाही. अर्ज निकाली.' खाली नाव, भा. रा. अंबडकर.

माझा अर्ज मीच फेटाळला होता. आणि भाषा इतकी माझी होती की क्षणभर मला पटलंही.

आमचे शेजारी म्हणजे तेच अण्णासाहेब. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं, आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या न्हाणीच्या सांडपाण्याच्या पाईपावरून आमचं बोलणं बंद झालं. पाईप त्यांच्या हद्दीत एक वीत आहे, असं ते म्हणतात. मी नाही म्हणतो. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, जास्वंदीशी बोलतात. मला ऐकू येईल एवढ्या आवाजात.

त्या संध्याकाळी ते झाडाला पाणी घालत म्हणाले, "काही लोक टिपण्या लिहितात आणि मग आपल्याच टिपणीत पाय अडकून पडतात. मी असतो तर चर्चा करावी असं लिहिलं असतं."

'चर्चा करावी' हा अण्णासाहेबांचा शेरा. कोणताही कागद गेला की ते डावीकडच्या कोपऱ्यात हे दोन शब्द लिहीत आणि कागद परत येई. चर्चा कधीच होत नसे. काही कागद अशा रीतीनं सेवाज्येष्ठ झाले.

मी घरात निघून गेलो. तसाच घरात बसलो असतो, तर हे सगळं पाईपापाशीच थांबलं असतं. पण सत्तावीस जूनला सकाळी सगुणाबाई आल्या.

शहागडला आमच्या ऑफिसचं एक छोटं विश्रामगृह आहे. साहेब लोक हायवेनं जाताना तिथं थांबतात, चहा पितात आणि गोदावरीकडे बघत विश्रामगृह दुरुस्त करायला हवं असं म्हणतात. ते झाडणं, पाणी भरणं, चहा करणं ही सगळी कामं सगुणाबाई १९८७ पासून करत होत्या, रोजंदारीवर. आता अशा लोकांना कायम करण्याची यादी एक जुलैला औरंगाबादला जायची होती. त्यासाठी एकच कागद लागत होता: पहिल्या नेमणुकीचा आदेश.

बाईंनी पदराच्या गाठीतून पत्र काढलं. "वाचा साह्येब. लेकीनं वाचलं तं मला खरंच वाटंना."

पत्र असं होतं: 'आपल्या नेमणुकीचा आदेश ड वर्गात असून मुदत संपल्याने दि. ३० जून रोजी सायं. ५.४५ वाजता आपोआप नष्ट होईल. माहितीस्तव.' खाली पुन्हा मीच.

ज्यांनी सरकारी कपाटं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कागदाच्या चार जाती. अ वर्ग कायम जपायचा, ब तीस वर्षं, क पाच-दहा वर्षं आणि ड एक वर्ष. ड म्हणजे चहाची बिलं, गणवेशाची स्मरणपत्रं, आणि पंख्यातून आवाज येतो अशा तक्रारी.

"बाई, हे माझं नाव आहे, पण मी लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"मंग कुणी लेहलं?"

"माझ्या नावानं दुसरा माणूस काम करतो."

सगुणाबाईंनी उमाकडे पाहिलं. उमानं मान हलवली. दोघींमध्ये काय ठरलं कोण जाणे. पण त्यानंतर बाई माझ्याशी जरा सावकाश, सोप्या शब्दांत बोलायला लागल्या.

"साह्येब, दोन सालामागं तुमीच आल्ते शहागडला. माह्या पेटीतला कागद तुमीच नेला. म्या देत नव्हते. तुमी म्हन्ले, बाई, संगणकात गेला म्हंजी कायम ऱ्हाइला. पानी नाही, वाळवी नाही. मंग म्या देऊन टाकला. आता तुमी म्हनता तुमी लेहलं न्हाई."

मी असं म्हणालो होतो. अगदी याच शब्दांत, आणि त्यांच्या हातचा चहा पीत. मूळ कागद परत द्यायचे होते. पण कागद कमी करण्याच्या मोहिमेत सगळी पोती लगद्याला गेली, आणि त्या पोत्यांवर लाखेचा शिक्का माझाच होता.

"कोणीतरी माझ्या नावाचा गैरवापर केला आहे," मी उभा राहिलो. "मी त्याला सोडणार नाही."

ऑफिसात पोचलो तेव्हा मच्छिंद्र माझ्या खुर्चीत बसून माझ्या नावानं एका सरपंचाला समज देत होता. लगेच उठला. "या सर. कचरूभाऊ, साहेबांना खुर्ची द्या." कचरू आमचा शिपाई. अकराही पासवर्ड त्याच्याकडे असत, पाणीपुरवठ्याच्या कॅलेंडरमागे लिहिलेले.

"मच्छिंद्र, हा कागद ड वर्गात कोणी टाकला? मला लेखी नाव पाहिजे."

"बघू ना सर." त्यानं दोन-तीन बटणं दाबली. मग कचरूला म्हणाला, "भाऊ, जरा चहा सांगा."

"नाव सांग."

"सर, भा. रा. अंबडकर."

"ते तर तूही आहेस."

"तारीख तीस जून दोन हजार चार. दुपारी चार वाजून दहा मिनिटं. मी एक जुलैला हजर झालो, सर."

चहा आला.

मला आठवलं. पाच वाजता निरोप समारंभ होता, हार आले होते. माझ्या टेबलावर, म्हणजे एकोपातल्या टेबलावर, वर्ग न ठरवलेले चारशे बारा कागद होते. एकेक वाचायचा तर पंधरा दिवस लागले असते, आणि चार्ज यादीत निरंक लिहायचं होतं. मी सगळ्यांवर एकदम खूण केली आणि ड निवडला. चारशे बारा कागद एका दमात निकाली निघाले आणि मी शाल घ्यायला गेलो. त्या रात्री मला फार शांत झोप लागली होती. उमाला अजून आठवतं.

"बाकीचे तीनशे नव्वद खरंच ड होते सर," मच्छिंद्र समजुतीनं म्हणाला. "एकवीस मी काढून क मध्ये टाकले, ते माझ्या काळात लागले म्हणून. हा एकच ऱ्हाइला, अन् बाईंचं पत्र एकोपानं आपोआप धाडलं."

"मग हाही काढ."

"काढतो. पण एकोपा कारण विचारून राह्यलाय. काल ड का केलं, आज अ का करता. मी काय लिहू? नाव माझ्याकडं आहे सर, तुमच्या मनातलं कारण थोडंच चार्जमध्ये आल्तं?"

साधी प्रत छापून द्यावी म्हटलं, तर ड वर्गाच्या प्रत्येक पानावर एकोपा आडवं छापत होता: 'नष्ट करण्यायोग्य'. साहेबांकडे तीन जिल्ह्यांचा कार्यभार होता. फोनवर ते म्हणाले, "नियमानुसार करा," आणि त्यांची गाडी बोगद्यात गेली. आमच्या भागात बोगदा नाही.

शिवाय नेमणुकीचा आदेश अ वर्गातच जातो, आणि ड चा अ करायचा तर दोन नावं लागत. पहिलं माझं. दुसरं वरिष्ठांचं. आणि वरिष्ठांचं पद तीन वर्षं रिक्त असल्यामुळे एकोपात वरिष्ठ अजून अण्णासाहेबच होते. त्यांचा पासवर्ड कचरूनं लगेच सांगितला. पण तीन वर्षं न वापरल्यामुळे तो गंजला होता. आता एकोपा एक गुप्त प्रश्न विचारणार होता, ज्याचं उत्तर फक्त अण्णासाहेबांना ठाऊक होतं.

तीन दिवस मी जास्वंदीच्या आसपास घुटमळलो. शेवटी तीस तारखेला दुपारी उमानं सगुणाबाईंनाच त्यांच्या दारात नेऊन उभं केलं. आत काय बोलणं झालं माहीत नाही. दहा मिनिटांत अण्णासाहेब इस्त्रीचा शर्ट आणि जुनं ओळखपत्र घालून बाहेर आले आणि जास्वंदीला म्हणाले, "चला."

आम्ही दोघं एकाच ऑटोत, मध्ये सगुणाबाई. ऑफिसात पोचलो तर लाईट गेलेली. लोडशेडिंग दोन ते पाच. पाचला आली नाही. सव्वापाचला आली नाही. सगुणाबाई पायरीवर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

"अठरा वर्सं झाली," त्या कोणालाच उद्देशून नाही अशा बोलल्या. "रोज झाडलं. एक दिवस न झाडता घरी गेले न्हाई म्या, कामं निरंक दाखवायला."

निरंक हा शब्द त्यांना कोणी शिकवला, हे विचारण्याचं धैर्य मला झालं नाही.

पाच वाजून बावीस मिनिटांनी लाईट आली. संगणक जागा व्हायला सहा मिनिटं. मी माझ्या जुन्या खुर्चीत बसलो आणि कारणांची यादी उघडली. तीनच कारणं होती. 'तांत्रिक बिघाड' निवडलं, तर एकोपानं बिघाडाचा तक्रार क्रमांक मागितला. 'वरिष्ठांच्या आदेशाने' निवडलं, तर आदेशाचा क्रमांक आणि दिनांक मागितला. उरलं 'इतर'. त्याला क्रमांक लागत नव्हता. चौतीस वर्षं मी का खोटं बोलत होतो, असं कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, तेव्हा खोट्यालाही क्रमांक लागत नव्हता म्हणून.

मी टंकलं: 'माझी चूक.'

मच्छिंद्रनं वाचलं आणि हळूच म्हणाला, "सर, भाषा जरा मोघम करू का? 'अनवधानाने' वगैरे?"

"वेळ किती आहे?"

"चौदा मिनिटं."

"राहू दे."

आता अण्णासाहेब बसले. पडद्यावर गुप्त प्रश्न आला: तुमचा आवडता सहकारी कोण? तीन प्रयत्न.

त्यांनी आधी तेव्हाच्या साहेबांचं नाव घातलं. चुकलं. मग कपाळाला आठ्या घालून बराच विचार केला आणि स्वतःचं घातलं. तेही चुकलं. मग ते उजव्या हातानं पडदा झाकत मला म्हणाले, दोन वर्षांत पहिल्यांदा थेट मला, "तुम्ही तिकडं बघा."

मी तिकडं बघितलं. तिकडं पाणीपुरवठ्याचं कॅलेंडर होतं. मागून एकेक बटण दाबल्याचा आवाज येत होता आणि कचरू त्यांच्या खांद्यावरून अक्षरं जुळवत होता. "भा... ल... चं... द्र. उघडलं, साहेब."

अण्णासाहेबांनी चष्मा पुसला. "तेव्हा पाईप नव्हता," ते म्हणाले.

पाच एकतीसचे पाच छत्तीस झाले होते. माझा प्रस्ताव त्यांच्यापुढे उघडला. त्यांनी तो मोठ्यानं वाचला, "माझी चूक," आणि पुन्हा एकदा वाचला, तितकाच सावकाश, मला वाटतं आनंदासाठी. मग त्यांचं बोट आपोआप शेऱ्याच्या चौकटीत गेलं आणि कोणी अडवायच्या आत त्यांनी लिहिलं: चर्चा करावी. कागद माझ्याकडे परत आला.

"अण्णासाहेब, हे काय केलं?" मच्छिंद्र जवळजवळ रडकुंडीला आला.

"सवय," अण्णासाहेब पांढरे पडून म्हणाले. "हात गेला रे."

"आता चर्चा झाल्याशिवाय पुढं सरकत न्हाई. दोघांनी चर्चेचा निष्कर्ष लिहायचा. सहा मिनिटं आहेत."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. त्यांच्या बत्तीस वर्षांच्या सेवेत ही पहिलीच चर्चा, त्यामुळे सुरुवात कशी करायची ते त्यांना माहीत नव्हतं. पण चर्चा म्हटल्यावर मनात असलेला विषय एकच होता.

"पाईप एक वीत अलीकडे घ्या," ते म्हणाले.

"अर्धी."

पायरीवरून सगुणाबाई आत आल्या होत्या. नुसत्या दारात उभ्या राहिल्या, हातात ती पत्राची घडी.

"एक वीत," मी म्हणालो. "उद्याच घेतो."

मी लिहिलं, 'चर्चा झाली. सहमत.' अण्णासाहेबांनी त्याखाली 'मंजूर' लिहिलं. आणि त्यांना तो शब्द कुठं सापडतो ते शोधायला मदत लागली. पाच एकेचाळीसला ड चा अ झाला. पावणेसहाला एकोपानं बाकीचे तीनशे नव्वद कागद नष्ट केल्याचं कळवलं, आणि दिवसाच्या शेवटी नेहमी कळवतो तसं, माझं आजचं काम समाधानकारक असल्याचंही.

मच्छिंद्रनं प्रत छापली, शिक्का मारला. सगुणाबाईंनी ती डोळ्यांसमोर धरली. "आता जानार न्हाई ना, साह्येब?"

संगणकात आहे म्हणजे, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. "बाई, तीन झेरॉक्स काढा. एक पेटीत ठेवा. कोणी मागितली तर देऊ नका. मी मागितली तरी."

यादी एक जुलैला गेली. दिवाळीच्या आधी त्यांचा कायम झाल्याचा आदेश आला. तो त्यांनी मला दाखवायला आणला, लांबूनच दाखवला आणि परत पदरात ठेवला.

राहिलं माझं नाव काढायचं. मच्छिंद्रनं फार प्रयत्न केले. औरंगाबादचा टायवाला तरुण, आता तो टाय घालत नव्हता, त्यानं शेवटी समजावून सांगितलं. क आणि ड वर्गाचे कागद ज्याच्या नावावर आहेत त्याचं नाव काढता येतं. अ वर्गाच्या कागदाशी जोडलेलं नाव कधीच काढता येत नाही; आणि वर्ग का बदलला ते कारणही त्या कागदासोबत कायम जतन होतं, मधली चर्चा मात्र नाही.

मी हिशोब केला. चौतीस वर्षांत मी अंदाजे चाळीस हजार टिपण्या लिहिल्या. त्यातली 'उत्तम' शेऱ्याची ती टिपणी क वर्गात होती. तिची मुदत दोन हजार सातला संपली. बाकीच्या त्याआधीच गेल्या. आता सरकारदरबारी माझ्या हातचे दोनच शब्द उरले आहेत. ते काढता येत नाहीत, बदलता येत नाहीत, आणि मुदत नाही.